जालनीचं दावं

वैशाखात तीर्थपुरीला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही आलं तर. अशा दिवसांत आपल्या बापानं रोज दुपारी एक भरली बादली फाटकाजवळ नेऊन ठेवावी, हे बेबीनंदाला अजिबात परवडणारं नव्हतं. पण वाद घालून उपयोग नव्हता. बादली ठेवल्याशिवाय दादा पाण्याचा घोट घेत नसत. ताटावर बसले तरी आधी दारातून बाहेर बघायचे आणि विचारायचे, "तिला ठेवलं का?"

"कोणाला, दादा?"

"जनावराला. पहिले जनावर, मंग माणूस. किती बार सांगू तुला?"

घरात जनावर नव्हतं. एक म्हैस होती, ती बेबीनंदा दहावीला असताना विकली. त्या गोठ्याच्या जागी आता तिची स्कूटी उभी राहायची, आणि स्कूटीला पाणी लागत नाही.

कडूबा हवालदार म्हणून दादांना सगळं गाव ओळखायचं. तरुणपणी ते फौजेत खच्चरं सांभाळायचे. जिथं गाडी चढत नाही अशा डोंगरात दारूगोळा आणि पाणी खच्चरांच्या पाठीवरून वर न्यायचं, हे काम. एकाहत्तरच्या लढाईत पकडले गेले, सीमेपलीकडच्या छावणीत कैदी म्हणून राहिले आणि तिथून निसटून आले. आता पंचाहत्तरी उलटली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही, पण त्या छावणीच्या दाराला कुठला रंग होता ते विचारलं असतं तर बिनचूक सांगितलं असतं. डॉक्टरांनी या दुखण्याला एक इंग्रजी नाव दिलं होतं. गल्लीतली पोरं साध्या मराठीत सांगायची, हवालदार सटकलेत म्हणून.

नुसतं विसरणं असतं तर बेबीनंदानं निभावून नेलं असतं. पण दादा घरातून निघून जायचे. मागच्या वैशाखात भर दुपारी असेच निघाले आणि अंबडच्या रस्त्याला एका मोरीखाली निपचित पडलेले सापडले, तेही दुधाचा टेम्पोवाला लघवीला उतरला म्हणून. जालन्याला नेलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे पुन्हा उन्हात निघाले तर हाताला लागायचे नाहीत." आई गेलेली, नवरा गेलेला, भाऊ धर्मराज जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात. घरात तिला हाक मारणारं असं हे एकच माणूस उरलं होतं.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची; आता उन्हाळ्याची सुट्टी होती. रात्री दादा झोपायचे नाहीत, खोलीत येरझारा घालायचे, म्हणून तीही झोपायची नाही, आणि मग दुपारी तिचे डोळे आपोआप मिटायचे. जेवणं झाली की ती दादांना आतल्या खोलीत निजवायची, बाहेरून कडी लावायची आणि त्या दारासमोरच सतरंजी टाकून आडवी व्हायची. कैदेतून पळून आलेल्या माणसाला आपण कोंडतोय, हे तिला कळत होतं. कळूनही ती कडी लावत होती, आणि रोज त्या कडीच्या आवाजाची तिला लाज वाटत होती.

दादांच्या खोलीत समोरच्या भिंतीला बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. दाराशेजारच्या खुंटीला एक दावं टांगलेलं होतं. शेळीच्या केसांचं, काळंकरडं, अंगठ्याएवढं जाड. ते जालनीचं दावं.

जालनीची गोष्ट बेबीनंदानं लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की दादा चुकले तर ती दुरुस्त करायची. छावणीत पाणी वाहायला खच्चरं होती आणि त्यातली एक मादी कोणालाच आवरत नव्हती. डावा कान फाटका. लाथा झाडायची, चावायची. "मला म्हणले, तू खच्चरवाला ना, मंग घे ही तुझ्या गळ्यात." दादांनी तिला आवरलं ते एकाच उपायानं. रोजच्या रोटीचा पहिला तुकडा तिला, आणि ओढ्यावर गेलं की पहिलं पाणी तिला. घसा कितीही सुकलेला असो, तिचं पिऊन झाल्याशिवाय आपण ओंजळ भरायची नाही. नाव ठेवलं जालनी. म्हणजे दिवसातून शंभर वेळा जालन्याचं नाव तोंडात येणार, आणि पहारेकऱ्याला पत्ताही लागणार नाही.

संध्याकाळी दादांचे हात तिच्याच दाव्यानं बांधून ते दावं तबेल्यातल्या खुंट्याला अडकवायचे. बांधणारा शिपाई जुना खच्चरवालाच होता. खच्चराला कधी निरगाठ मारत नाहीत. गोळा पडला, आग लागली, तर एका हिसक्यात जनावर मोकळं झालं पाहिजे. म्हणून सुरगाठ मारायची आणि तिचं टोक लोंबतं सोडायचं. "त्येच्या हाताला दुसरी गाठ येतच नव्हती," असं सांगून दादा पोट धरून हसायचे. एका पहाटे बर्फ पडायला लागला. जालनीनं मान खाली घातली, लोंबतं टोक दातात धरलं आणि ओढलं.

मग ती दोघं चालत राहिली. वाटेत जमिनीत सुरुंग पेरलेले. जालनी मध्येच थांबायची, कान पुढं करायची, आणि कितीही मारलं तरी पाऊल टाकायची नाही. मग वळसा घालून दुसरीकडून निघायची. दादा तिच्या खुरांच्या ठशांवर पाय देत आले. शेवटी एक नाला लागला. पलीकडं आपली चौकी, आणि नाल्यावर दोरांचा पूल. माणूस जाईल, खच्चर जाणार नाही.

"मंग?" बेबीनंदा दर वेळी विचारायची.

"मंग काय? दावं काढून घेतलं आन् तिला म्हणलं, ठैर. ती ठैरली. म्या पलीकडं गेल्तो, मागं पाह्यलं, तर तितंच उभी."

दावं काढून घेतलं यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. या भागात गाय विका, बैल विका, दावं कोणी देत नाही. जनावर जातं, दावं घरात राहतं, घरची बरकत जाऊ नये म्हणून. दादांनी परमुलखात, बर्फात उभं राहून, गावची रीत पाळली होती. त्यांना त्याचा अभिमानच होता. दावं आपल्याकडं आहे म्हणजे ती आपली आहे, असं ते म्हणायचे.

यंदा वैशाख लागला आणि फाटकाजवळची बादली रिकामी सापडायला लागली.

पहिल्या दिवशी बेबीनंदानं कुत्र्यांना शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेळ्यांना. पण फाटक आतून लावलेलं होतं आणि बादली कलंडलेली नव्हती. उन्हानं पाण्याची वाफ होते हे ती मुलांना दरवर्षी शिकवायची, पण दोन तासांत भरली बादली आटत नाही हेही तिला ठाऊक होतं. तिनं बादली उचलून पाहिली. काठाला फेस लागला होता आणि फेसात एक तपकिरी केस चिकटला होता, आखूड आणि राठ. तिनं तो बोटानं पुसून टाकला आणि बादली घासली.

चार दिवसांनी अंगणात लीद पडलेली होती. ती तिनं सुपलीनं भरून बाहेर टाकली. वीटभट्टीवरचं गाढव असणार, असं स्वतःला सांगितलं आणि कामाला लागली.

गयासोद्दीनचाचा रोज चार वाजता चहाला यायचे. ते दादांचे लंगोटीयार, धंद्यानं नालबंद. बैलांच्या पायांना पत्र्या ठोकण्यात त्यांचा जन्म गेला. ट्रॅक्टर आले तसा धंदा बसला. आता मुलाच्या पंक्चरच्या दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवून बोलणं, हा त्यांचा धंदा. त्या दिवशी फाटकातून आत येताना ते बादलीजवळ थांबले. पाणी सांडून तिथं थोडा चिखल झाला होता. चाचा गुडघ्यावर हात टेकून वाकले.

"कोणाचा घोडा आल्ता का इथं?"

"घोडा कुठून येणार चाचा? भट्टीवरचं गाढव असंल."

"भट्टीवर आता गाढवं कुठं राह्यली? सगळं ट्रॅक्टरनं चालतं." चाचा अजून वाकले. "आन् हे बघ, नाल हाय ह्याला. गाढवाला कोन नाल मारतंय, बेटा? घोडा म्हणावं तर खूर लई अरुंद हाय."

एरवी साखर कमी पडली म्हणून तक्रार करणारे चाचा त्या दिवशी मुकाट्यानं चहा प्यायले. आतून दादांचा आवाज आला.

"गयास, दिसली का तुला?"

"न्हाई रे कडूबा."

"दोपारच्याला येती. उभी राहती फाटकापाशी. म्या म्हणलं अंदर ये, तर येत न्हाई. ठैर म्हणलं होतं ना म्या. कामून आली असंल?"

निघताना चाचांनी हळूच विचारलं, "बेबी, त्येचं ते दावं कुठं हाय?"

"हाय की खुंटीला."

"राहू दे तितंच. धुवायला-बिवायला काढू नको. दावं ठेवून घेतलं म्हंजे जनावर सोडलं न्हाई, बेटा. थांबवलं फकत."

बेबीनंदाला हसू आलं. "चाचा, आमच्यात असलं काही मानत न्हाईत."

"आमच्यात बी न्हाई मानत," चाचा म्हणाले आणि चपला पायात सरकवू लागले.

ती हसली खरी, पण त्यानंतर दुपारी सतरंजीवर पडली की तिचा एक कान फाटकाकडं असायचा. काही ऐकू यायचं नाही. पंखा, लांबवर ट्रॅक्टर, आत दादांचा घसा खाकरणं. जाग आली की बादली रिकामी असायची, आणि तिला जेवढा राग यायचा तेवढीच भीती वाटायची. राग तिला समजत होता. भीती कशाची ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

मग एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या, आणि दोन्ही अगदी साध्या होत्या.

गावाची पाण्याची मोटार जळाली. नळ कधी येईल ते कोणी सांगेना. टाकीत तळाशी हातभर पाणी उरलं होतं. बेबीनंदानं बादली भरली नाही. दादा जेवायला बसले, बाहेर बघून म्हणाले, "तिला ठेवलं का?" आणि ती म्हणाली, "ठेवलं." बापाशी ती सहसा खोटं बोलत नसे. दादांनी तिच्याकडं पाहिलं, विश्वास ठेवला आणि तांब्या तोंडाला लावला.

दुसरी गोष्ट कडीची. उन्हानं लाकूड आक्रसलं होतं आणि खोलीच्या दाराची कडी कोयंड्यापर्यंत पोहोचेना. पुंजाराम सुताराला फोन केला तर तो म्हणाला, सोमवारी येतो, त्याच्या आधी जमत नाही. तिनं कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली, पण गुळगुळीत दोरीची गाठ टिकेना. दादा पलंगावर बसून हे सगळं बघत होते. बाहेर जमीन तव्यासारखी तापली होती. तिला मोरीखालचे दादा आठवले, त्यांचे पांढरे पडलेले ओठ आठवले. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि खुंटीवरचं दावं काढलं.

भिंतीला हात लावला तर चटका बसत होता, पण दावं गार होतं. तिला ते जाणवलं आणि घाईत ती ते विसरली.

दोन्ही फळ्यांच्या कड्यांतून तिनं दावं ओवलं, ताणलं आणि गाठ मारली. हाताला जी येत होती तीच मारली. गाठ मारायला तिला दादांनीच शिकवलं होतं, लहानपणी, म्हशीच्या दाव्यावर. दुसरी कुठली गाठ तिला येतही नव्हती. टोक लोंबतं राहिलं. आतून कोणाचा हात पोहोचणार नाही, हे तिनं एकदा ओढून पाहिलं, आणि दारासमोर सतरंजी टाकली.

तिला जाग आली ती थंडीनं.

वीज गेली होती. पंखा बंद होता, पत्रे तडतडत होते, आणि तिच्या दंडावर काटा आला होता. ओल्या लोकरीचा वास येत होता, त्यात लिदीचा. डोक्याशी कुठंतरी काहीतरी चघळल्याचा आवाज होता, सावकाश, कडबा खाताना येतो तसा. हे स्वप्न आहे असं तिला वाटलं आणि ती डोळे मिटून पडून राहिली.

आवाज थांबला.

तिनं डोळे उघडले. दार उघडं होतं. कडीला दावं नव्हतं. उंबऱ्यावर काळेकरडे धागे पडले होते. तिनं हात लावला, ओले होते.

पलंग रिकामा.

सतरंजीच्या अलीकडं फरशीवर एक ओला ठसा होता, अर्धगोल. दुसरा पलीकडं, दाराच्या बाजूला. मध्ये ती झोपलेली. जे काही आत गेलं ते तिला ओलांडून गेलं होतं, आणि तिला धक्काही न लावता परत आलं होतं. ती बघत असतानाच ठसे वाळून गेले.

फाटक सताड उघडं होतं. दादांच्या चपला दाराशी जागच्या जागी होत्या. बेबीनंदा ओरडत पळाली, "दादा! दादा!" दुपारच्या त्या वेळेला गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पंक्चरच्या दुकानासमोरून जाताना तिनं चाचांना हाक मारली आणि थांबली नाही.

गावाबाहेर पाणंद लागते, कालव्यापर्यंत जाते. पाणंदीत घोटाभर फुफाटा असतो आणि त्यात सगळं उमटतं. दादांची अनवाणी पावलं तिनं लगेच ओळखली, उजवा पाय जरा फेंगडा पडायचा. पावलं घाईची नव्हती. एकासारखं एक अंतर होतं. आणि त्यांच्या पुढं, एका हाताच्या अंतरावर, अरुंद खुरांचे ठसे. म्हणजे ते पुढं आणि दादा मागं.

पाणंदीच्या मध्यावर एक पडकी विहीर आहे. कठडा नाही, तोंडावर वाळलेलं गवत वाढून जमिनीसारखंच दिसतं. मागच्या साली तिच्यात एक बैल गेला होता. विहिरीच्या अलीकडं खुरांचे ठसे थांबले होते. चारही खुरं एका जागी, खोल रुतलेली. दादांची पावलंही मागं थांबलेली. मग दोघांनी मोठा वळसा घेतला होता आणि पलीकडून पुन्हा पाणंद धरली होती.

बेबीनंदा तिथं उभी राहिली आणि पहिल्यांदा रडली. मग पुन्हा पळाली.

कालव्याला उन्हाळ्याचं पाणी सोडलेलं होतं, काठोकाठ. दादा काठावर उभे होते.

डोक्यावर टोपी नाही, पायात काही नाही. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. तोंड पलीकडच्या काठाकडं.

"दादा!"

त्यांनी वळून पाहिलं नाही. ती जवळ गेली, त्यांचा दंड धरला. सदरा खांद्यावर ओला होता आणि गार होता. ओठ ओले होते. पायांना एकही फोड नव्हता, तिच्या चपलांतून मात्र चटके बसत होते.

"दादा, चला घरी."

"थांबायला सांगितलंय."

"कोणी सांगितलंय?"

दादा पलीकडं बघत राहिले. तेव्हा तिला त्यांची मान दिसली. मानेभोवती एक तांबडा वळ होता, अंगठ्याएवढा रुंद, सगळीकडून सारखा.

तिनं ओढलं, विनवलं, रागावली. दादा जागचे हलेनात. पंचाहत्तरीतलं ते हडकुळं शरीर, पण जमिनीत खुंटा ठोकल्यासारखं उभं होतं. तेवढ्यात मुलाच्या गाडीवर मागं बसून गयासोद्दीनचाचा आले. मुलाला त्यांनी लांबच थांबवलं. जवळ आले, मानेचा वळ पाहिला. मग जन्मभराच्या सवयीनं दादांच्या खांद्यावर थोपटलं आणि टाळूला जीभ लावून आवाज काढला, अडलेल्या बैलाला चालवायला काढतात तो.

दादा वळले आणि चालू लागले.

घरी येईपर्यंत चाचांनी दादांच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, ती पुलावरून कालव्याच्या पलीकडं गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. बघितल्याशिवाय तिला राहवलं नाही एवढंच. काठाच्या मातीत खुरांचे ठसे पाण्यातून वर आलेले होते. त्यांच्या बाजूनं एक सलग रेघ होती, धुळीतून दोर फरपटत नेल्यासारखी. ठसे आणि रेघ दोन्ही डांबरी रस्त्यापर्यंत गेले होते. तिथून पुढं काही उमटत नव्हतं.

सोमवारी पुंजाराम आला आणि कडी बसवून गेला. कडी चांगली बसली, पण ती लावायची गरज पडली नाही.

दादा आता कुठंही जात नाहीत. रात्री येरझारा नाहीत, हाका नाहीत. पहाट झाली की फाटकाजवळ लिंबाच्या सावलीला येऊन उभे राहतात, कालव्याच्या दिशेला तोंड करून. फाटक उघडं असलं तरी बाहेर पाऊल टाकत नाहीत. एकाहत्तरची गोष्ट सांगत नाहीत. तिला पाणी ठेवलं का, असंही विचारत नाहीत. जालन्याला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टर खूश झाले. नाडी चांगली, छाती चांगली. "असेच राहिले तर बाई, अजून पुष्कळ वर्षं काढतील," म्हणाले. धर्मराज फोनवर म्हणाला, तायडे, तुझ्या कष्टाचं चीज झालं. बाप घरात राहावा, उन्हात जाऊ नये, एवढंच बेबीनंदाला हवं होतं. ते झालं. मग आपल्याला आनंद का होत नाही, हे तिनं स्वतःला विचारायचं सोडून दिलं आहे.

चाचा चहाला येतात, पण हल्ली ओट्यावर, दादांकडं पाठ करून बसतात. एकदा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "तिकडं नाल्यापाशी ती किती वरसं थांबली असंल, बेटा?"

वजाबाकी सोपी होती. बेबीनंदानं ती केली नाही.

दादा बसत नाहीत, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. जेवतातही उभ्यानं. पलंगावरची चादर सकाळी घडी न मोडलेली सापडते. परवा दुपारी ती दारात आली तर लिंबाखाली दादांना झोप लागली होती, उभ्याउभ्याच. मान थोडी खाली. सगळा भार एका पायावर, आणि दुसऱ्याचा फक्त चवडा जमिनीला टेकलेला.

नळ पुन्हा सुरू झाला आहे. रोज दुपारी ती बादली भरून फाटकाजवळ ठेवते. दादा वाकतात. हात लावत नाहीत. सावकाश पितात, आणि मध्येच थांबून पलीकडं बघतात. ती बाजूला उभी असते, हातात तिचा तांब्या. ऊन मी म्हणत असतं, घशाला कोरड पडलेली असते. दादांचं पिऊन झालं, त्यांनी मान वर केली, की मगच ती तांब्या तोंडाला लावते. हा नेम कधीपासून लागला, ते तिला आठवत नाही.